भेसळ काढणाऱ्यांचे नियम

आमच्या गटात नवा माणूस आला की त्याला आधी नियम पाठवतात. ते मी लिहिलेले आहेत. टिंगलीच्या लिखाणाला इतके माणुसकीचे नियम आपण कुठे पाहिले नाहीत, असं परवाच एका नव्या सभासदाने लिहिलं. मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्यातला जो नियम लोकांना सगळ्यात भला वाटतो, तो मी चांगुलपणातून घातलेला नाही. माझ्या अक्काच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या गोष्टीचं जे केलं, ते करून झाल्यावर घातला. अक्का गोष्टी लिहायची. अजूनही लिहिते, पण जे लिहिते ते आता गोष्ट राहिलेलं नाही. ते कसं झालं हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. मी मुळात बोलणारा माणूस नाही, आणि न बोलणाऱ्याला लोक सज्जन समजतात, याचा फायदा मी बराच घेतला आहे.

नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत मी नोकरीला आहे. काम फिरतीचं. बीजोत्पादनाच्या प्लॉटवर जायचं आणि भेसळ काढून घ्यायची. म्हणजे असं की सगळं शेत एका वाणाचं असतं आणि मध्येच एखादं झाड निराळं निघतं. इतरांपेक्षा उंच, पानाचा रंग वेगळा, सगळ्यांच्या आधी फुलावर येणारं. ते फूल उमलायच्या आत मुळासकट उपटून बांधावर टाकावं लागतं, नाहीतर त्याचा पराग सगळ्या शेतात जातो आणि बियाणं बाद होतं. शेतकऱ्याच्या जिवावर येतं, कारण बहुतेक वेळा तेच झाड शेतात सगळ्यात ठसठशीत असतं.

"साहेब, येवढं राहू द्या की. कसं झकास वाढलंय बघा."

"झकास वाढलंय म्हणूनच काढायचं," असं आम्ही म्हणतो.

पण शेतकरी शेतात नसताना आम्ही झाडाला हात लावत नाही. हा कंपनीचा नियम नाही, जुन्या माणसांनी घालून दिलेली रीत आहे. मालक समोर उभा पाहिजे, त्याला झाड दाखवलं पाहिजे, मग उपटायचं. तो शिव्या देईल, तर त्या खायच्या.

काही वर्षांपूर्वी टीव्हीवर एक मालिका लागायची. तालुक्याच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर, त्याची आई, गावातलं राजकारण. मालिका संपली तरी लोकांचं मन भरलं नाही. मोबाइलवर गोष्टी लिहायची एक जागा आहे, तिथे लोक त्याच डॉक्टरच्या पुढच्या गोष्टी लिहू लागले. याला फॅन फिक्शन म्हणतात हे मला तिथेच कळलं. मी अधाशासारखा वाचायचो. काही गोष्टी मूळ मालिकेपेक्षा सरस होत्या. पण पुष्कळ गोष्टींत एक नवी पोरगी यायची. घाऱ्या डोळ्यांची, गुडघ्यापर्यंत केसांची. शस्त्रक्रिया करायची, कबड्डीत जिंकायची, गाणंही म्हणायची. डॉक्टरची खाष्ट आई तिला पहिल्याच भेटीत कपाटाच्या किल्ल्या द्यायची आणि डॉक्टर नुसता बघत राहायचा.

घनसावंगीच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या एक मॅडम तिथे माझ्यासारख्याच वाचायला येत. प्रतिक्रियांमधून आमची ओळख झाली. मी एकदा माझं काम काय ते त्यांना सांगितलं, तर त्या फोनवर हसायलाच लागल्या. "सर, मंग ही पोरगी तुमचं भेसळीचं झाड हाय की. जाऊन उपटा ना तिला."

त्यातून आमचं भेसळ खातं निघालं, आम्हीच लिखाणात रचलेलं. गळक्या पत्र्याची एक कचेरी, धक्का दिल्याशिवाय न चालणारी जीप, आणि त्या जीपमधून वाईट गोष्टींच्या आत शिरणारे निरीक्षक. माझा निरीक्षक निवृत्तीला आलेला, विसरभोळा. मॅडमची मावशी खुरपं घेऊन पुढे चालणारी, तोंडाने फटकळ. दोघं एखाद्या गोष्टीत शिरायचे, झाडामागून सगळं बघायचे, त्या पोरीवर आरोप वाचायचे, तिला उपटून बांधावर आणायचे, आणि डॉक्टरला, त्याच्या आईला कचेरीतला चहा पाजायचे. तो चहा प्यायला की झालेलं सगळं विसरायला होतं. हळूहळू परभणी, बीड, बुलढाण्याकडचे लोक आले. प्रत्येकाने आपापली निरीक्षकांची जोडी आणली. कचेरी, जीप आणि चहा मात्र सगळ्यांचा सामाईक.

सामाईक म्हटलं की भांडण आलंच, आणि भांडणातूनच नियम आले. एका बँकवाल्याने दोनच भाग वाचून एका गोष्टीचा फडशा पाडला. तिसऱ्या भागात लेखकाने ती चूक स्वतःच सुधारली होती. तेव्हा ठरलं की गोष्ट शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तिच्यात शिरायचं नाही. त्याच गृहस्थाने मॅडमच्या मावशीचं परस्पर एका आचाऱ्याशी लग्न लावून टाकलं. मॅडम खूप दिवस धुसफुसत होत्या. "माझ्या मावशीचं लगीन लावणारे हे कोण? आमंत्रण बी न्हाई मला." मग मी लिहिलं की दुसऱ्याचा निरीक्षक उसना घ्यावा, पण नेला तसा परत आणून ठेवावा. लग्न, मरण आणि बदली हे ज्याच्या त्याच्या हातात.

जोडीतल्या एकाला तरी मूळ मालिका मनापासून आवडलेली हवी, नाहीतर लिखाण नुसतं शिव्यांचं होतं. आरोप वाचून दाखवल्याशिवाय उपटायचं नाही. आणि आरोप गोष्टीवर काय परिणाम झाला यावरच ठेवायचा. सुंदर असणं हा आरोप नाही. ती आली की बाकीचे मुके होतात, हा आरोप. शुद्धलेखनाला हसायचं नाही, हा आग्रह चक्क मॅडमचा. निरीक्षकांनी हुशारी दाखवायची नाही. ज्याची जीप पहिल्या किल्लीला चालू होते त्याच्यावर नजर ठेवावी, कारण तोच उद्या भेसळ होणार.

आणि एक मोठा नियम. लेखक कोण, हे शोधायचं नाही, आणि आपण काय लिहिलं ते त्याच्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही. हसणं आपसात राहावं, कुणाचं मन दुखू नये. सगळ्यांनी वाहवा केली. शेतात आम्ही मालकाला समोर उभा करून झाड उपटतो आणि इथे मालकाच्या पाठीमागे उपटायचा नियम करून राह्यलो, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी बोललो नाही. पाठीमागे करणं सोपं होतं.

मग एक गोष्ट आली. टोपणनावाने लिहिलेली, पुष्कळ भागांची. डॉक्टरची जत्रेत हरवलेली थोरली बहीण परत येते. ती सात भाषा बोलते, ट्रॅक्टर चालवते, तिने कपाळावर हात ठेवला की ताप उतरतो. सगळा दवाखाना तिला बघून उभा राहतो. डॉक्टरला तिच्याशिवाय घास गोड लागत नाही. आणि दर दोन-तीन भागांनी भाऊबीज. पेरणी चालू आहे आणि भाऊबीज, होळीच्या आदल्या दिवशी भाऊबीज. भाऊ हातातलं ऑपरेशन टाकून पाटावर येऊन बसतो. गटातल्या लोकांच्या तोंडाला पाणी सुटलं. जो तो मागत होता. मी जुना म्हणून ती माझ्याकडे आली.

आमच्याच नियमाप्रमाणे मी ती पूर्ण वाचायला घेतली. मध्यावर कुठेतरी एक जागा आली. डॉक्टर बहिणीला म्हणतो, उन्हाळ्यात बरडावरची जमीन तव्यासारखी तापायची, मला चपला नव्हत्या, तेव्हा तू माझे पाय तुझ्या पायांवर घेऊन चालायचीस.

आई निंदायला जायची तेव्हा दुपारची भाकरी घेऊन अक्का मला शेतात न्यायची. मी तिच्याकडे तोंड करून तिच्या पावलांवर उभा राहायचो, तिच्या कमरेला धरायचो, आणि ती दोघांचा भार घेऊन चालायची. मी उलटा चालायचो, ती सुलटी. मध्येच थांबून म्हणायची, "जड झालास रे." हे आम्हा दोघांशिवाय कुणी पाहिलेलं नाही. आईपाशी पोचेपर्यंत मी उतरलेला असायचो.

अक्का टेंभुर्णीला असते. तिची आणि दाजींची पिठाची गिरणी आहे. बरीच वर्षं झाली, मी भाऊबीजेला गेलेलो नव्हतो. भांडण वगैरे काही नाही. दिवाळीत आमच्याकडे बियाण्याची आवक असते, सुट्टी मिळत नाही, असं मी सांगायचो. सुट्टी मिळाली असती. जाऊन काय बोलायचं हे मला सुचत नसे. मी मोबाइलवर पणतीचं चित्र पाठवायचो आणि ती ताटाचं चित्र पाठवायची.

तर ती गोष्ट अक्काची आहे हे मला त्या ओळीला कळलं. तिथे थांबता आलं असतं. गटाला इतकंच लिहायचं होतं की मला जमत नाही, दुसऱ्याने घ्या. किंवा ही नकोच. पण गट वाट बघत होता, आणि खरं सांगायचं तर इतका चांगला माल माझ्या हाताला कधी लागला नव्हता. मी लिहिलं. माझा विसरभोळा निरीक्षक पंचांग घेऊन आत शिरतो आणि आषाढातली भाऊबीज पकडतो. मावशी त्या बहिणीला ओवाळणीच्या ताटासकट उपटते. आणि पायांवर पाय ठेवून चालायची जागाही मी घेतली. निरीक्षक टेप काढून मोजतो, एका चपलेत दोन पाय कसे बसले. ती बहीण बांधावर पडल्या पडल्या विचारते, माझा भाऊ कुठाय? मावशी म्हणते, त्यानं चहा घेतला बाई, तो विसरला.

गटाला हे फार आवडलं. मॅडम म्हणाल्या, तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं. मलाही तसंच वाटलं होतं.

पाठीमागचं पाठीमागे राहत नाही. गटातल्या कुणीतरी माझं लिखाण उचलून तिच्या गोष्टीखाली नेऊन चिकटवलं. तिच्या वाचकांनी ते वाचलं आणि तेही हसले. दोन दिवसांत गोष्ट तिथून नाहीशी झाली. सगळे भाग. ज्याने चिकटवलं त्याला आम्ही गटातून काढलं, रीतसर ताकीद वगैरे देऊन. ती ताकीद मीच लिहिली.

मग अक्काचा फोन आला. ती सहसा फोन करत नाही.

"भाऊ, कामात हायेस का?"

"न्हाई. बोल."

"ते मोबाइलवर गोष्टी लिहून राह्यलेत बघ लोक. मी बी लिव्हत होते थोडं. गिरणीची लाइन गेली की बसायचे बोलत मोबाइलमधी, तो आपोआप लिव्हतो. तुला सांगितलं न्हाई, हसशील म्हणून."

मी म्हणालो, "बरं."

"कोणीतरी लई बराबर चुका काढल्या माझ्या. भेसळवाले म्हणून हायेत. त्याईचे म्हणं नियम हायेत लिहिलेले. तू हापिसात असतो, तुला धुंडाळता येतं. बघ की मिळतेत का."

"बघतो."

"आपल्याला कोण शिकवणार होतं? त्याईनं फुकटात शिकवलं म्हणायचं."

नियम माझ्या फोनमध्येच होते. लगेच पाठवले तर शंका येईल, म्हणून मी जेवण होईपर्यंत थांबलो आणि मग पाठवले. लिहिणं हा एक गुन्हा होता असं धरलं, तर हे थांबणं त्याच्याहून वाईट होतं. त्या दुपारी तिला फक्त माझा आवाज हवा होता, दोन खरी वाक्यं. मी डबा खाल्ला, हात धुतले आणि पाठवून दिले.

त्याच आठवड्यात मी नियमांत भर घातली. बियाण्याच्या प्लॉटला शेजारच्या शेतापासून अंतर ठेवावं लागतं, तसं आपल्या माणसाच्या गोष्टीपासून ठेवावं. ओळखीच्याच्या गोष्टीला हात लावू नये. हाच तो लोकांना भला वाटणारा नियम. आणखी थोड्या दिवसांनी एक नवी बाई गटात आली. वेगळं टोपणनाव. तिचं पहिलं वाक्य वाचूनच मी ओळखलं. तिने आमचे सगळे नियम पाठ केले होते. कुणी चुकलं तर कलम सांगायची. तिची निरीक्षकांची जोडी म्हणजे दोन जावा, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या. लोक तिच्या लिखाणाची वाट बघू लागले.

"सर, ही बाई हाय कोण?" मॅडमनी विचारलं. "पात्याला धार लावून बसलेली असते."

"ठाऊक न्हाई," मी म्हणालो.

हे असं दोन-तीन वर्षं चाललं. यंदा जाफराबादकडच्या एका प्लॉटवर गेल्तो, आणि मोटारसायकल टेंभुर्णीकडे वळवली. ठरवून गेलो नव्हतो. गिरणीत लाइट नव्हती. अक्काच्या भुवयांवर पीठ होतं. दाजी पोत्यावर बसले होते.

"या पाव्हणे. वाट चुकले का काय?"

"हिकडंच काम होतं."

"तरीच म्हटलं. सूर्य बघून आलो बाहेर, उगवलाय तर बराबर पूर्वेलाच." दाजी चहा आणायला हॉटेलावर गेले.

मी उभ्याउभ्याच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो. "अक्का, ते मी लिहिलं होतं."

"काय?"

"तुझ्या गोष्टीवरचं. ते भेसळीचं. तुझी हाय हे कळल्यावर लिहिलं."

ती चाळणी झटकत होती, ती झटकायची थांबली नाही. "कशावरून कळली?"

"पायावर घेऊन चालायचं आलं, तिथं."

"मंग तेवढं तरी बाजूला ठेवायचं होतं," ती म्हणाली. बराच वेळ झटकत राहिली. मग तिनेच मला सोडवलं. "पण बराबर होतं रे. आषाढात कोण करतं भाऊबीज? येडपटासारखं लिव्हत होते मी. बरं केलं तू."

तिने शिव्या द्याव्यात म्हणून मी आलो होतो. ती आभार मानून राह्यली होती, आणि ते खोटं नव्हतं, हेच वाईट. मी म्हणालो, "ती बहीण परत लिही. गटात नको टाकू. मला पाठव नुसती."

"येतच न्हाई आता ती. मी काय कमी बसले? दारापाशी आली की मला आधी तुमचं कलम आठवतं. मीच म्हणते, बाई, तुझ्यापायी बाकीचे मुके व्हायलेत, तू जाय. की गेली."

"नियम मीच लिहिलेत. मी सांगतो ना, सोड ते."

"तू सांगून आता काय व्हणार? मला स्वतःलाच हसू येतं तिचं." तिने हात पदराला पुसले आणि फोन काढला. "ते जाऊ दे. हे बघ, नवीन केलंय. तू आलाच हायेस तर ऐक."

तिने वाचून दाखवलं. मूळ गोष्ट कुण्या पोरीने लिहिलेली होती. तिच्यात एक आई त्या डॉक्टरच्या दवाखान्यात भरती आहे. प्रत्येक भागात तिचा श्वास थांबतो, आणि प्रत्येक भागात डॉक्टर तिला उठवून बसवतो. अक्काच्या दोन जावा आत शिरतात. एक जाऊ आईची नाडी बघते आणि दुसरीला म्हणते, चौदाव्यांदा मेली, आता हिला मरायची सवय लागली. आरोप असा की आईने दवाखान्याचा कारभार बंद पाडला, बाकीचे पेशंट भिंतीला टेकून उभे. मग त्या आईला खाटेसकट बांधावर नेतात. चहा घेऊन आलेले दाजी दारातच थांबून ऐकत होते. त्यांना हसू आवरेना, हातातला चहा सांडला. हसण्यासारखंच होतं. माझ्यापेक्षा चांगलं होतं.

"अक्का," मी म्हणालो, "पोरगी लहान वाटते. तिची आई गेलेली असंल."

"असंल." तिने फोन पुसला. "पण लिव्हणारं कोण हाय ते बघायचं न्हाई. तुमचाच नियम हाय तो."

मी नियम आठवत बसलो. गोष्ट तिने शेवटपर्यंत वाचली होती. आरोप गोष्टीवरच होता. शुद्धलेखनाला हसली नव्हती. दोघी जावा एकमेकींहून वेड्या होत्या. ती पोरगी तिच्या ओळखीची नव्हती. एकही कलम मोडलेलं नव्हतं. नाही म्हणायला मला एकच कारण होतं, आणि ते मी लिहून ठेवलेल्या कशातच बसत नव्हतं.

"लेकरू असंल ते," मी परत म्हणालो.

"भाऊ, माझ्या वेळंला तू थांबलास का?"

हे ती टोचून बोलली नाही. सरळ विचारलं. तेवढ्यात लाइट आली, दाजींनी पट्टा लावला आणि गिरणी सुरू झाली. त्या आवाजात काही बोलून उपयोग नव्हता. अक्काने फोन माझ्यासमोर धरला आणि भुवया उंचावून विचारलं, टाकू का. मी हो म्हणून मान हलवली. तिने अंगठ्याने पाठवलं आणि पुढच्या माणसाचा डबा उचलून गिरणीत ओतला.

चहा पिऊन मी निघालो. फाट्यापर्यंत खिशातला फोन थरथरत होता. गटातले एकेक जण वाचून हसत होते.